सकाळचा मिस कॉल

आजारपणाच्या पहिल्या दिवसांत माणसं येतात. नारळपाणी आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात, उशाशी बसून सगळं विचारतात. शेवटच्या दिवसांत आपल्यालाच बरं वाटत असतं, त्यामुळे कुणी आलं नाही तरी चालतं. अवघड असतात ते मधले दिवस. दुखणं कमी झालेलं असतं, औषध चालूच असतं, आणि रोज सकाळी उठून त्याच गोळ्या गिळाव्यात असं काही कारण समोर दिसत नसतं. ज्यांचा आज असा मधलाच कुठला तरी दिवस आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

मला मणक्याचा टीबी झाला होता. आता मी बरी आहे. हे वाक्य लिहिताना मला आनंद व्हायला हवा, पण तसा तो होत नाही. का होत नाही, हेच मला सांगायचं आहे.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठीत इतकं सलग मी पहिल्यांदाच लिहिते आहे. पण वॉर्डात माझ्या आजूबाजूला ज्या मुली आणि बायका होत्या, त्यांना वाचता आलं पाहिजे.

गॅप

पाठ दुखायला लागली तेव्हा मी संभाजीनगरला एम.एस्सी. करत होते. पलंगावर बसून लॅपटॉप बघते म्हणून दुखत असेल, असं हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणाल्या. सुट्टीत आमच्या गावी, जवळा बाजारला आले, तर आईनं तेल चोळलं, मावशीनं पट्टा आणून दिला, पप्पांनी टेबल-खुर्ची आणली. मी सगळ्यांचं ऐकलं. वाद घालण्यापेक्षा ऐकून घेणं मला नेहमीच सोपं वाटतं. मग एका दुपारी पप्पांच्या मोटरसायकलवर मागे बसताना उजवा पाय उचललाच जाईना. हातानं धरून तो पलीकडे टाकावा लागला. पप्पांनी ते आरशात पाहिलं आणि गाडी बंद केली.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, दुसऱ्या राज्यातून आलेले. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि घाबरले की पप्पांना हिंदी सुचत नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागले तसे आई आणि पप्पा दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्याच आजाराचं भाषांतर करायची वेळ माझ्यावर आली.

"हाडाचा टीबी आहे," मी सांगितलं. "गोळ्यांनी बरा होतो. पण खूप महिने घ्याव्या लागतात. काही दिवस इथं राहावं लागेल."

"आजून काय म्हणले? लई बोलत होते की," आई म्हणाली.

"एवढंच."

गोळ्या मध्येच सोडल्या तर पाय कायमचे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. ते मी एकदाही सांगितलं नाही. त्यांना घाबरवायचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ते वाक्य मराठीत माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं, तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत होतं.

तपासणीचे कागद पिशवीत घालत आई म्हणाली, "कोणाला सांगायचं न्हाई. मणक्यात गॅप पडला म्हणायचं."

त्या दिवसापासून मला गॅप होता. आत्यांना, शेजाऱ्यांना, पप्पांच्या दुकानावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. "माझ्या सासूलाबी हाय गॅप," असं म्हणून लोक मला धीर द्यायचे.

शेजारची खाट

वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर नसरीन होती. माझ्याच वयाची, सेनगावची. तिचे अब्बा आठवडी बाजारांत बांगड्यांचं दुकान लावतात, आमच्या जवळा बाजारलासुद्धा येतात. आजार तोच, औषधं तीच, छातीपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टाही तसाच. त्याला ती चिलखत म्हणायची.

पहिल्या दिवशी सफाईच्या मावशींनी माझ्या खाटेखालची फरशी पुसली, तेव्हा मी सवयीनं "थँक्यू" म्हणाले. शेजारून हसण्याचा आवाज आला.

"ए कॉन्व्हेंट! थँक्यू म्हणली की मावशीला वाटतं काम झालं. 'मावशी, ह्या कोपऱ्यात राह्यलं' असं म्हण, मंग येती ती परत."

"तू गप गं," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून नुसती कोपरा कोपरा करून राह्यली. एवढा कोपरा आवडतो तर तिथंच टाकते तुझी खाट."

मला असं पटकन बोलता येत नाही. मी फक्त बघत राहते. नसरीनला ते पहिल्याच दिवशी कळलं असावं, कारण माझ्या वाटचंही तीच बोलायची. नर्सला, डबा आणणाऱ्याला, राऊंडला येणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा. "सर, हिला रात्री कळा आल्या, पण ही सांगणार न्हाई तुमाला. हिला लाज वाटती."

सकाळच्या गोळ्यांचा वेळ सगळ्यात वाईट. मूठभर गोळ्या, रिकामं पोट, आणि नंतर तास-दोन तास मळमळ. नसरीननं गोळ्यांना नावं ठेवली होती. सगळ्यात मोठी लाल गोळी म्हणजे सासू, मग नणंदा, मग जावा. "सासूला पहिलं गिळायचं," ती म्हणायची, "बाकीच्या मंग आपोआप गुमान जातात." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून एकदमच सासू गिळायचो. त्या वॉर्डातल्या दिवसांत हसू आलं असेल तर ते तेवढंच.

समोरच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांचे पाय चादरीखाली हलत नसत. त्यांची सून येऊन ते पाय कुशीवर वळवून ठेवायची. आम्ही दोघी तिकडे बघणं टाळायचो. एकदा दुपारी वॉर्ड झोपलेला असताना नसरीन हळूच म्हणाली, "त्यांनी मधीच सोडल्या होत्या गोळ्या. तुला सांगितलं का डॉक्टरनं?"

"सांगितलं."

"घरी सांगितलं तू?"

"नाही."

"म्या बी न्हाई," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तेवढ्यानं आमची मैत्री पक्की झाली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिथंच आमच्यापैकी एकीनं कुणातरी तिसऱ्या माणसाला ते सांगायला हवं होतं.

भिंतीवरचा तक्ता

घरी आल्यावर पप्पांनी माझ्या खोलीत एक तक्ता लावला. स्केचपेननं आखलेला. उठणं, गोळ्या, नाश्ता, व्यायाम, विश्रांती, अभ्यास, परत व्यायाम. प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग. मी त्याच्याकडे पडल्या पडल्या बघायचे. सकाळचा पहिला चौकोन चुकला की दिवसभराचे सगळे चौकोन चुकल्यासारखे वाटायचे, आणि मग उद्यापासून नीट करू म्हणून मी चादर डोक्यावर घ्यायचे.

काही न करणं म्हणजे आराम, असं बाहेरून दिसत असेल. आतून तसं नसतं. मैत्रिणींचे मेसेज साठत होते. पहिल्या आठवड्यात उत्तर दिलं असतं तर "बरी आहे" एवढं पुरलं असतं. महिनाभरानं उत्तर द्यायचं तर आधी उशीर का झाला ते सांगावं लागणार, म्हणून तेही राहून जायचं. कॉलेजच्या मॅडमचा ईमेल होता, दुसऱ्या वर्षाचं काय करणार म्हणून. तो मी उघडलाही नव्हता. व्यायाम राहिला होता, वाचन राहिलं होतं, केस विंचरायचे राहिले होते. ते सगळं एकाच वेळी छातीवर येऊन बसायचं आणि कुठूनही सुरुवात करता यायची नाही.

भिंतीपलीकडून घरातलं बोलणं ऐकू यायचं.

"दिवसभर मोबाईल बघती, अन् गोळ्या मात्र मी हातात आणून द्यायच्या," आई म्हणायची.

"ओरडू नको तिच्यावर."

"तुमाला काय, तुमी दुकानात जाऊन बसता. मी बसून राहिले ना हिच्यापाशी. बहिणीच्या घरचं डोहाळजेवण सोडलं मी. काय सांगितलं तिला? गॅप हाय म्हणून. गॅपसाठी कोणी डोहाळजेवण सोडतं का?"

मला तिचा राग यायचा नाही. ती खरंच थकली होती. पण ते ऐकल्यावर उठायची इच्छा आणखीच कमी व्हायची. एक दिवस मी गोळ्या हातात घेतल्या, पाणी प्यायले आणि गोळ्या उशीच्या अभ्र्यात सरकवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. ते किती सोपं होतं, याची मला आजही भीती वाटते.

पाय टेकव फक्त

त्याच सुमारास नसरीनचा फोन आला. मला फोनवर बोलता येत नाही, समोरचं माणूस दिसत नसलं की माझे शब्द अडकतात. पण तिच्याशी बोलताना फार बोलावं लागत नाही.

"काय करून राहिली?"

"काही नाही."

"सासू गिळली का?"

माझा हात उशीच्या अभ्र्यावर गेला.

"कॉन्व्हेंट, काहून गं?"

"सगळंच राहिलंय," मी म्हणाले. "कुठून सुरुवात करू कळत नाही."

"तू सगळा दिवस धरती अंगावर. दिवस लई मोठा असतो, तो कोणाच्यानं उचलला जात न्हाई. हे बघ, सकाळी दोन पाय जमिनीला टेकवायचे. टेकवले की सासू. सासू गेली की मला रिंग द्यायची, दोनदा वाजली की कट. मी बी तसंच करते. उचलायचं न्हाई. बोलायचं न्हाई. एवढंच. बाकी दिवस मंग कसा बी जाऊ दे."

उचलायचं नाही, ही अट मला फार आवडली. तिच्या घरी फोन एकच होता आणि अब्बा तो घेऊन बाजाराला निघायचे, त्याआधी रिंग देणं तिलाही सोयीचं होतं. फोनवर बोलणं वाचलं म्हणून मला हायसं वाटलं. आम्हाला दोघींनाही ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मिस कॉल आला तेव्हा मी चादरीत होते. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि गेलं. सेनगावात कुणीतरी पाय टेकवून बसलंय आणि माझ्या रिंगची वाट बघतंय, या विचारानं मला पडून राहता येईना. मी पट्टा बांधला, पाय खाली सोडले. फरशी गार होती. सासू गिळली. रिंग दिली.

त्यानंतर जे काही सुधारलं, ते त्या गार फरशीपासून सुरू झालं. पाय टेकलेलेच आहेत तर दारापर्यंत जाऊ, असं व्हायचं. दारापर्यंत आलेच आहे तर अंगणात. पप्पांना मी तो तक्ता काढायला सांगितला. त्यांना वाईट वाटलं, पण काढला. मग एक दिवस मॅडमचा ईमेल नुसता उघडला, वाचला, मिटला. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर लिहिलं. व्यायाम सगळा होत नसे तेव्हा एकच करायचे. ज्या दिवशी काहीच जमायचं नाही, त्या दिवशीही पाय टेकवले होते, गोळ्या गेल्या होत्या आणि रिंग दिली होती. तो दिवस वाया गेला असं म्हणता यायचं नाही.

असे कित्येक महिने गेले. तिच्या रिंगनं माझी सकाळ व्हायची.

लांबलेली रिंग

लग्नसराईचे दिवस होते. मी पलंगाच्या कडेला बसून गोळ्या हातावर घेतल्या होत्या. नसरीनची रिंग आली. पहिली वाजली, दुसरी वाजली, आणि फोन वाजतच राहिला.

मी हातातल्या फोनकडे बघत राहिले. तिचं नाव चमकत होतं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं उचल की!"

"आई, मिस कॉल आहे तो."

"एवढा लांब मिस कॉल असतो व्हय?"

"कट करायला विसरली असेल."

मी असं म्हणाले खरं, पण माझा अंगठा हिरव्या बटनाजवळ गेला होता. उचलला तर काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं. इतक्या महिन्यांत आम्ही बोललो नव्हतो. सुरुवात कशी करायची? कशी आहेस विचारायचं, की आधी फोन केला नाही म्हणून सॉरी म्हणायचं? मी ते ठरवत असतानाच फोन आपोआप थांबला.

थोड्या वेळानं पुन्हा तिची रिंग आली. या वेळी नेहमीसारखी, दोन वाजून बंद. मला हायसं वाटलं. पहिली चुकून लांबली असणार, असं मी धरलं. मी सासू गिळली आणि तिला तशीच रिंग परत दिली.

दुसऱ्या दिवशीही तिची रिंग आली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी तो लांबलेला फोन विसरून गेले.

बाजारचा दिवस

आमच्या घरापासून आठवडी बाजार अगदी जवळ आहे. पिंपळाच्या बाजूला, कापडवाल्यांच्या ओळीत नसरीनचे अब्बा पालाचं दुकान लावतात. मी तिथं जाऊन कधीही विचारू शकले असते, चाचा, नसरीन कशी आहे म्हणून. पण पट्टा बांधून बाजारात गेले की लोक बघायचे, थांबून विचारायचे, आणि मला पुन्हा गॅपची गोष्ट सांगावी लागायची. म्हणून मी जात नसे.

त्या दिवशी आई बाजारातून आली. पिशवी ओट्यावर न ठेवता तशीच माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"नसरीनचा बाप भेटला होता."

"बरं."

"पोरगी आंथरुणावर पडून हाय म्हणले. पाय गेले तिचे."

"काहीतरी दुसरं म्हणाले असतील," मी म्हणाले. "आज सकाळीच तिचा मिस कॉल आला."

"गोळ्या सोडल्या होत्या म्हणं तिनं. घरात कोणालाच पत्ता न्हाई." आईनं माझ्याकडे बघितलं. "गोळ्या सोडल्यानं पाय जातात, हे तुला म्हाईत होतं का?"

मला माहीत होतं. दोघींनाही माहीत होतं. नसरीनचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला, दुपारच्या झोपलेल्या वॉर्डातला.

"हो," मी म्हणाले.

आईनं पिशवी खाली ठेवली. ती रागावली नाही. "पाणी पिते अन् येते," असं म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सेनगाव

आई आणि मी एसटीनं हिंगोलीला गेलो, तिथून जीपनं सेनगावला. गॅप न म्हणता आईनं जीपमध्ये शेजारच्या बाईला पहिल्यांदाच खरं सांगितलं. "टीबी होता मणक्याचा. आता बरी हाय," ती म्हणाली. बाईनं नुसती मान हलवली आणि पाय ठेवायला जागा करून दिली. इतकं सोपं होतं ते.

नसरीन पुढच्या खोलीत खाटेवर होती. दारातून रस्ता दिसेल अशी खाट लावली होती. चेहरा बारीक झाला होता. मला बघून म्हणाली, "आली का कॉन्व्हेंट! चिलखत कुठं?"

"सुटलं."

"चाल बरं थोडी. बघू दे."

मला चालवेना. मी तिथंच उभी राहिले. तिच्या अम्मीनं (मी त्यांना खाला म्हणते) खुर्ची दिली, आईला आत चहाला नेलं. आम्ही दोघीच उरलो.

तिनं स्वतःहून सांगितलं. बहिणीचं लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. गोळ्या दिसल्या तर मुलाकडच्यांना कळेल म्हणून तिनं त्या पेटीत कपड्यांखाली ठेवल्या. चार पाहुण्यांसमोर पेटी उघडायची कशी, म्हणून एक दिवस राहिल्या. मग दुसरा. लग्न झाल्यावर पुन्हा घेतल्या तर उलट्या झाल्या. पाठ तर दुखत नव्हती. "रोज वाटायचं, उद्या घेऊ. जेवढं राह्यलं तेवढी जास्त लाज वाटायची. दवाखान्याच्या आशाताई घरी येऊन विचारायच्या, घेती ना? व्हय म्हणायचे. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर एक दिवसच सांगायचा होता. मंग एवढे दिवस कसे सांगू?"

मला ते कळत होतं. माझ्या उशीच्या अभ्र्यातल्या त्या दोन दिवसांचं असंच झालं असतं.

"एक दिवस तुझी रिंग लांबली होती," मी विचारलं.

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी सांगणार होते तुला."

मी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

"तू न्हाई उचलला म्हणून न्हाई बंद केल्या, समजून घे. आधीच बंद होत्या. पण त्या दिवशी तुला सांगितलं असतं तर चालू केल्या असत्या बहुतेक." मग ती म्हणाली, "उचलायचं न्हाई, असं मीच म्हणले होते ना."

"मग रोज रिंग का देत होतीस? गोळ्या घेत नव्हतीस तर?"

तिला तो प्रश्न खुळ्यासारखा वाटला असावा. ती हसली.

"मी बंद केली असती तर तू उठली असती का?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. माझी आई खालांना सांगत होती की आमच्या घरीसुद्धा डॉक्टरांचं ते बोलणं कुणाला माहीत नव्हतं. खाला काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मी खुर्ची पुढे ओढून नसरीनचा हात धरला. मला कुणाला हात लावायची सवय नाही. तिच्या ते लक्षात आलं, पण ती या वेळी चेष्टा करत बसली नाही.

आता

नसरीनचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आहे. या वेळच्या गोळ्या जास्त आहेत. नांदेडला तपासणीला नेतात तेव्हा वाटेतल्या वारंगा फाट्यापर्यंत ती कशीबशी बसते, पुढे आडवी होते. पाय परत येतील का, यावर डॉक्टर "बघू" म्हणतात. पूर्वी मी त्या शब्दाचं भाषांतर करून काहीतरी बरं सांगितलं असतं. आता करत नाही.

तुम्ही मधल्या दिवसांत असाल, तर नसरीननं मला जे सांगितलं तेच सांगते: दिवस उचलू नका, पाय टेकवा फक्त. ते खरं आहे, मी त्यावरच उभी राहिले. पण आमच्या त्या रिंगमध्ये एक गोष्ट नव्हती, ती तुमच्याकडे असू द्या. रिंगनं फक्त 'घेतल्या' असं सांगता यायचं. 'आज नाही घेतल्या' हे सांगायची काही सोयच आम्ही ठेवली नव्हती. ते ज्याला सांगता येईल असं एक माणूस जवळ ठेवा, आणि पहिल्याच दिवशी सांगा, एकच दिवस राहिलेला असताना. आणि तुम्ही कुणाचं असं माणूस असाल, तर फोन उचला. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी उचला.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. तिनं दोन अटी घातल्या. नाव बदलायचं, आणि नवं नाव ती ठरवणार. दुसरी म्हणजे, बिचारी लिहायचं नाही. मी दोन्ही पाळल्या आहेत.

माझ्या गोळ्या संपल्या. घरात आईनं शिरा केला, पप्पांनी दुकान उशिरा उघडलं. तरी सकाळी त्याच वेळेला मी उठते, पलंगाच्या कडेला बसते आणि सेनगावला फोन लावते. आता कट करत नाही. तिनं फोन घेतला नाही तर खाला तो तिच्या कानाला धरतात. कधी ती बोलते, कधी झोपेचं सोंग घेते. मग मी जे सुचेल ते बोलत राहते, घरातलं, कॉलेजचं, बाजारातलं. मला ते अजूनही नीट जमत नाही.

आज सकाळी तिनं फोन घेतला.

"सासू गिळली?" मी विचारलं.

"गिळली. नणंदा बी गेल्या."

"पाय टेकवले?"

 पलीकडे खाट करकरली, खालांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"अम्मी म्हणती, टेकलेत," नसरीन म्हणाली. "फरशी गार हाय का गं तुझ्याकडं?"

"हो. खूप गार आहे."

"मंग सांग," ती म्हणाली. "कशी लागती ते सांग मला."